भार द्यावा, भार घ्यावा

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एका बैठकीत संपवलंच पाहिजे असं नाही. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा. जमलं तर चपला काढा, पाय जमिनीला टेकवून बसा. फरशी गार लागत असेल तर लागू द्या. दोन श्वास नेहमीसारखे घ्या, मुद्दाम खोल नकोत.

आज आपण मनातल्या मनात एक फुगडी घालणार आहोत.

फुगडी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. मंगळागौरीच्या रात्री, गौरी-गणपतीत, शाळेच्या मैदानात मधल्या सुट्टीत, आणि आषाढात पंढरीच्या वाटेवर. गोव्यात चतुर्थीच्या दिवसांत तर गावोगावी बायका फेर धरून आणि ओळी करून फुगड्या घालतात. ती इतकी डोळ्यांसमोरची आहे की तिला नाच म्हणायचंही आपल्या मनात येत नाही. मग साधना कुठली म्हणणार? संतांना मात्र तसं वाटलं नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी तिला भारुडात आणलं. पुढे तुकोबांच्या गाथेतही फुगडी, हमामा, हुतुतू, टिपरी हे खेळ अभंगांचे विषय झाले. बायकापोरांच्या अंगणातला खेळ परमार्थ सांगायला चालेल, एवढंच नव्हे तर तोच नेमका आहे, असं त्यांना वाटलं असणार. का वाटलं असेल, हा प्रश्न हाताशी ठेवू. उत्तराची घाई नको.

आता डोळ्यांसमोर वारी आणा. माउलींची पालखी लोणंदहून पुढे निघाली की चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण बेलवाडीला. अश्व दौडत जातो, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मग टाळ-मृदंगाचा जोर चढतो, पावली सुरू होते, आणि गर्दीत जागा सापडेल तिथे फुगड्या रंगतात. तुम्ही त्या मातीत कडेला उभे आहात. समोर सत्तरीच्या पुढची एक बाई. नऊवारी लुगडं, पायात भेगा, कपाळावर बुक्का. डोक्यावरचं तुळशीवृंदावन तिने शेजारणीकडे दिलंय आणि पदर कमरेला खोचलाय. ती एका विशीतल्या मुलीपुढे जाऊन उभी राहते. मुलीच्या पाठीवर पिशवी, पायात मोजे. म्हातारी म्हणते, "फुगडी घालायची का, माऊली?"

नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. मुलगी हसते आणि पिशवी खाली ठेवते.

पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे बघा. उजव्या हातात उजवा, डाव्या हातात डावा. मनगटांची फुली होते. नुसती बोटं धरली तर वेग वाढल्यावर ती सुटतात, म्हणून पंजा पंजात खोल शिरतो. म्हातारीच्या हाताला कामाने आलेले घट्टे आहेत, काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या आहेत. मुलीच्या तळव्याला घाम आहे. आता तुमचे हात मांडीवर घ्या, मनगटांची फुली करा आणि तुमच्याच हातांची पकड तुम्हाला जाणवू द्या. असा घट्ट हात तुम्ही शेवटचा कुणाचा धरला होता? हस्तांदोलनातला नव्हे, रस्ता ओलांडतानाचाही नव्हे. माझा तोल आता तुझ्याकडे, असं म्हणून धरलेला.

इथे जरा थांबू.

या स्पर्शाला आपल्याकडे सोपा इतिहास नाही. इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात वारीचं मोठ्या प्रेमाने वर्णन केलं आहे, आणि एका दिंडीत चालणारे लोक जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळे बसतात, ही खंतही नोंदवली आहे. वारीत सगळं मिटतं, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. पण फुगडीत एक गोष्ट उरतेच. ती हात धरल्याशिवाय होत नाही. पंगत वेगळी मांडता येते, फुगडी वेगवेगळी घालता येत नाही.

आता पायांकडे या. दोघींचे चवडे जवळजवळ भिडलेले. अंतर जितकं कमी तितकी फुगडी चांगली. पाय जवळ आणि डोकी लांब, म्हणजे दोघींनी मागे झुकायचं. मागे झुकणं वाटतं तितकं सोपं नाही. शरीराला पडण्याची भीती उपजत असते, ते कोपर वाकवून पुढे येतं, कंबर मोडतं, पाय लांब रोवतं. नवी मुलगी फुगडी घालते तेव्हा हे लगेच दिसतं. ती स्वतःचं वजन स्वतःच सांभाळत राहते आणि म्हणून फुगडी नुसतीच गोल गोल चालते, फिरत नाही. मग समोरची जाणती बाई म्हणते, "अगं, सोड अंग. धरलंय मी."

हे वाक्य स्वतःला एकदा ऐकवा. सोड अंग. धरलंय मी.

ऐकल्यावर अंगात कुठे काय घट्ट होतं, तेही बघा. खांदे? जबडा? पोटाचा वरचा भाग? ते सैल करायचा खटाटोप नको. कुठे आवळलंय तेवढं कळू द्या.

फुगडीत भार द्यावा लागतो, हे आपण बहुतेक जण कधी शिकलेलोच नसतो. विशेषतः बायका. घरातल्या बाईला भार उचलायची सवय असते. सासरचा, माहेरचा, मुलांच्या परीक्षांचा, कुणाच्या तरी औषधांच्या वेळांचा. स्वतःचं वजन मात्र कुणावर पडू नये म्हणून ती जपत असते. गाडीत कडेला बसते, जेवायला शेवटी बसते, आजारी पडली तर "काही नाही, बरी आहे" म्हणते. फुगडी तिला नेमकं उलटं सांगते. तुझं वजन दे. पूर्ण दे. कमी दिलंस तर समोरची पडेल, कारण तिला तोलून धरणारं दुसरं काही नाही. इथे तुझं वजन हा त्रास नाही, त्याच्याशिवाय खेळ उभा राहत नाही.

आता ती सत्तरीची बाई आणि ती विशीतली मुलगी पुन्हा बघा. दोघींचं वजन सारखं नाही, उंची सारखी नाही. तरी तोल कसा साधतो? जड असेल तिने कमी झुकायचं, हलकी असेल तिने जास्त. हे कुणी मोजत नाही. हातांत येणारी ओढ दोघींना सांगते आणि एक-दोन गिरक्यांत शरीरं आपापला कोन शोधतात. समानता म्हणजे दोघींनी सारखंच झुकायचं, असं फुगडीत नसतं. ज्याची त्याची झुकण्याची पट्टी वेगळी असते, ओढ मात्र दोन्हीकडे एकच असते.

तुमच्या आयुष्यातलं एक नातं मनात आणा. कोणतंही. त्यात कोण किती झुकलंय? ओढ दोन्हीकडे सारखी लागते का? कुणाचे कोपर वाकलेत? निवाडा करायचा नाही. बघायचं फक्त.

आता फुगडी वेग घेते.

पावलं बारीक होतात. मातीत टाचा घासल्याचा आवाज, टाळ, कुणीतरी तोंडाने धरलेला फूऽऽ फूऽऽ असा ठेका. वेग वाढतो तशी हातांतली ओढ वाढते. आता सोडणं दोघींच्याही हाती नाही. एकीने सोडलं तर दोघी फेकल्या जातील. पदर सुटून वाऱ्यावर येतो. भोवतीचे लोक मागे सरतात, कारण या दोघींना आता जागा लागते. आयुष्यभर अंग चोरून उभी राहिलेली बाई भर गर्दीत, पुरुषांच्या देखत, स्वतःभोवती एक रिंगण मोकळं करून घेते. तिने मागितलं नाही, भांडली नाही. ती फिरली आणि जागा झाली.

इथे मंगळागौरही आठवते. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातले मंगळवार, रात्रभर जागरण, झिम्मा, पिंगा, बसफुगडी. नव्या सुनेला घरात दिवसभर दबकून वावरावं लागायचं, त्या काळात ही एक रात्र तिच्या हातापायांची होती. पण ते व्रत सवाष्णींचं. नवरा गेला की ते रिंगण बाईसाठी बंद. पंढरीच्या वाटेवर मात्र असं दार लावलेलं नाही. पांढऱ्या कपाळाची बाई तिथे तुळस डोक्यावर घेऊन चालते आणि वाटलं तर फुगडी घालते. घराने काढून घेतलेलं शरीर तिला वाटेवर परत मिळतं. जनाबाईने तर एका अभंगात डोईवरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाण्याची भाषा केली, हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन. भक्ती आणि बाईचं धाडस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तिला वाटलेलं दिसत नाही.

श्वासाकडे या. आणि आता या मननातली सगळ्यात आतली जागा.

फुगडीत असताना काय दिसतं? तुम्ही कधी घातली असेल तर आठवा. झाडं, माणसं, पताका, सगळं जग पुसट पट्ट्यांसारखं वाहत असतं. कशावरच नजर ठरत नाही. एकच गोष्ट स्थिर दिसते, समोरचा चेहरा. तो तुमच्याबरोबरच फिरतोय, म्हणून ठरलेला आहे. जाणत्या बायका सांगतात, इकडेतिकडे बघू नको, माझ्याकडे बघ. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. आपल्याबरोबर फिरणाऱ्या वस्तूवर नजर रोवली की भोवळ कमी जाणवते.

त्या चेहऱ्यावर थोडा वेळ राहा. ओळखीचा असो, नसो. घामेजलेला, हसणारा, थोडा घाबरलेला. त्यालाही तुमच्याशिवाय दुसरं काही स्थिर दिसत नाहीये.

आणि दोघींच्या मध्ये काय आहे? ज्या आसाभोवती ही सगळी फिरकी चाललीय, तो कुठे आहे? म्हातारीच्या अंगात नाही. मुलीच्याही अंगात नाही. दोघींच्या मधे, धरलेल्या हातांच्या खाली, जिथे कुणीच उभं नाही, तिथे तो आहे. एकट्याने गिरकी घेतली तर आस माझ्यातून जातो, मी केंद्र असतो. फुगडीत केंद्र कुणाच्या मालकीचं नसतं, तरी दोघींना तेच सावरून धरतं. संतांना परमार्थासाठी ही फुगडी का जवळची वाटली, याचं एक उत्तर मला इथे मिळतं. मीपणा टाक, असं सांगणं सोपं आहे, पण टाकायचा कसा ते सांगत बसावं लागतं. फुगडीत तो टाकावा लागत नाही. हात धरून मागे झुकलात की तो मधल्या जागेत आपोआप सरकतो, आणि आश्चर्य म्हणजे अंगातलं बळ त्याने कमी होत नाही, वाढतं. एकट्याने इतकं मागे कुणाला झुकता आलं असतं?

या प्रश्नापाशी हवा तेवढा वेळ बसा.

आता थांबायचं आहे. थांबण्यातही रीत आहे. फुगडी एकदम सोडत नाहीत. आधी वेग उतरवायचा, मग हळूहळू अंग सरळ करायचं, आपलं वजन आपल्या पायांवर परत घ्यायचं, आणि ते दोघींनी एकदमच करायचं. पाय थांबले तरी जग फिरत राहतं. कानाच्या आतल्या नलिकांतला द्रव अजून वाहत असतो, म्हणून. तेव्हा लगेच चालू नये. हात धरूनच उभं राहावं. वाटेवरच्या बायका या क्षणी एकमेकींच्या पाया पडतात. सत्तरीची बाई विशीतल्या मुलीच्या पायाला हात लावते, मुलगी गडबडून खाली वाकते. मघाशी एकीने दुसरीचा अख्खा भार झेलला होता. त्यानंतर मोठं कोण, लहान कोण?

तुमचे हात सोडा. मनगटं मोकळी करा. पायांखालची फरशी पुन्हा जाणवू द्या.

स्वतःच्या पायावर उभं राहणं हे बळ आहेच. ज्या बायकांना ते मिळवावं लागलं, त्यांना त्याची किंमत माहीत आहे आणि ते कुणी हलकं लेखू नये. पण त्याच्या पुढची एक पायरी आहे. आपला खरा भार कुणाला तरी देता येणं, आणि त्याच वेळी त्याचा भार आपल्या हातांत पेलता येणं. जो नुसता देतो तो ओझं होतो. जो नुसता घेतो तो एक दिवस मोडतो. दोन्ही एकदम साधलं की माणूस फिरू लागतो.

मनात घातलेली फुगडी इथे संपली. पुढची खरी घाला. गुडघे, पाठ, रक्तदाब यांचा विचार करा, जमीन घसरडी नाही ना ते बघा, हळू घाला. पण घाला. बहिणीबरोबर, लेकीबरोबर, सासूबरोबर, शेजारणीबरोबर. पुरुष असाल तर मित्राबरोबर, वारीत पुरुषही घालतात. समोरचं माणूस म्हणेल, "आता या वयात?" तेव्हा समजावत बसू नका. हात पुढे करा, फुली करा, आणि म्हणा, सोड अंग, धरलंय मी.