दाखल्यापासून पदवीपर्यंत

कॉलेज सोडून जाणारी मुलं निरोप घ्यायला येत नाहीत. पहिल्या वर्षाच्या वर्गात दाटीवाटी असते. दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपते आणि बाकं मोकळी दिसू लागतात. परीक्षेचे फॉर्म भरून झाले की काही नावं यादीत नाहीत, हे कार्यालयाच्या लक्षात येतं. त्यांना कुणी काढलेलं नसतं, जा म्हणूनही कुणी सांगितलेलं नसतं. विचारलं तर उत्तर तयार असतं : ‘अभ्यासात मन नव्हतं त्याचं.’ मला हे उत्तर पटत नाही. घरातला पहिला पदवीधर व्हायचं म्हणून जो मुलगा रोज दोन एसट्या बदलून येत होता, त्याचं मन एका सत्रात उडून जात नाही. बहुतेक वेळा त्याचं काहीतरी अडलेलं असतं आणि ते कुणाला सांगायचं, हेच त्याला ठाऊक नसतं.

काय अडतं? उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असते. जात वैधता प्रमाणपत्र समितीकडे पडून असतं. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नसतं. महाडीबीटीवर भरलेला अर्ज त्रुटी काढून परत आलेला असतो आणि परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दोन विषय राहिले की तो समजतो, आपण नापास झालो, वर्ष गेलं. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात बसता येतं, ही एवढीशी गोष्ट त्याच्या घरात कुणालाही माहीत नसते. शिकलेल्या घरात मावशी, काका, शेजारचे निवृत्त प्राध्यापक यांपैकी कुणीतरी एका फोनवर हे सांगून टाकतं. ही माहिती म्हणजे वारशाने मिळालेली, सातबाऱ्यावर न दिसणारी जमीनच आहे. ज्यांना ती मिळाली, त्यांना ती मिळाल्याचं जाणवतही नाही. म्हणून ती वाटून देण्याला मी दान म्हणत नाही. ते आपण देणं लागतो.

बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दसऱ्यानंतर तिथल्या कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली होती. सगळी माहिती भरून झाली, आणि पुढे ओटीपी हवा होता. आधारला नंबर जोडलेला वडिलांचा. वडील कोल्हापूरकडच्या कारखान्यावर, फडात. फोन कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चार्जिंगला. ‘सर, पप्पांचा फोन लागंना,’ एवढंच ती म्हणाली आणि वही पिशवीत घालू लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. तिथल्या सरांनी तिला थांबवलं. टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. गाडी भरून माणसं कोपीवर किती वाजता येतात, ते विचारलं. रात्री साडेनऊला फोन लावायचं ठरलं. तेवढ्यासाठी सर आपल्या घरी संगणक उघडून बसले, मुलगी वसतिगृहावरून फोनवर, तिचे वडील कोपीतून अंक वाचून दाखवताहेत. अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला आधार केंद्रात पाठवून तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्यायला लावला, आणि वर्गात जाऊन ज्यांचे ज्यांचे आईवडील तोडीला जातात त्या सगळ्यांना, तुम्हीही हे लगेच करून घ्या, असं बजावलं.

त्या सरांनी तिला ध्येयावर भाषण दिलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ध्येय तिच्याकडे होतंच.

आपल्याकडे या कामाची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातल्या एका माणसाचं नाव कमी घेतलं जातं. कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं द्यायला सुरुवात केली, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्रही त्याला दिलं. तो मुलगा भीमराव आंबेडकर. १९०७ साली मॅट्रिक होऊन तो एल्फिन्स्टन कॉलेजात गेला आणि पुढे घरचे पैसे संपले. तेव्हा त्याला सयाजीराव गायकवाडांपुढे उभं करण्यासाठी केळुसकरांनी खटपट केली. बडोद्याहून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली बी.ए. झालं. एल्फिन्स्टनमधल्या प्रा. म्युलर यांनी त्या काळात पुस्तकं आणि कपडे दिल्याचं धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. बुद्धी भीमरावांची होती, कष्ट त्यांचे होते. केळुसकरांनी पाहिलं ते हे की या मुलाला दरवाजा कुठे आहे ते ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे. मग ते सोबत चालले. आणि बाबासाहेबांनीही हे पुढे नेलं. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. मुलाने आपलं जगणं कॉलेजच्या वेळापत्रकात कोंबायचं की कॉलेजने त्याचं जगणं पाहून वेळापत्रक आखायचं, हा प्रश्न त्यांनी कृतीने सोडवला होता. रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगणाऱ्या मुलाची हजेरी कमी पडते, तेव्हा हा प्रश्न आजही तसाच समोर उभा राहतो.

मदत करणाऱ्यांकडून एक गोष्ट फार सहज घडते आणि ती मला खटकते. आपण मदतीआधी परिस्थिती सांगायला लावतो. वडील पितात का, आई किती घरची कामं करते, घर पत्र्याचं की कुडाचं. उत्पन्नाचा दाखला फाइलला लावलेला असताना हे पुन्हा तोंडाने वदवून घ्यायचं कशासाठी? मग देणगीदारांच्या समारंभात अशाच एखाद्या मुलीला माईकसमोर उभं करून तेच सांगायला लावतात, आणि टाळ्या पडतात. एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या बापाचं व्यसन अनोळखी माणसांसमोर मांडावं, ही किंमत कोणत्याही फीपेक्षा जास्त आहे. तिला आपणहून बोलावंसं वाटलं तर ऐकायला वेळ काढावा. तिने न सांगितल्याने मदत थांबता कामा नये.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. ‘तुला हे झेपणार नाही, साधं काहीतरी घे,’ असं म्हणताना आपण मुलाची बुद्धी मोजत असतो की त्याचे कपडे, हे स्वतःला विचारावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही कसोटी जास्त कठीण झाली आहे. आता एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. ज्याला खरोखर थांबावं लागतं, त्याच्यासाठी ही चांगली सोय आहे. श्रेयांक खात्यात जमा राहतात, तीन वर्षांच्या आत परत येऊन जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. पण ही वाट प्रामुख्याने गरिबाच्याच मुलाला दाखवली जाऊ लागली, तर ते सभ्य भाषेत बाहेर काढणं झालं. आपल्या स्वतःच्या मुलीला, एक वर्षाचं प्रमाणपत्र घे आणि थांब, असं आपण सांगू का? सांगणार नसू, तर दुसऱ्याच्या मुलीलाही आधी राहण्याचे सगळे मार्ग सांगावेत : वसतिगृह, स्वाधार योजना, कमवा आणि शिका, फीचे हप्ते. सगळं करूनही थांबावंच लागलं, तर परत कधी आणि कसं यायचं, हे ती जायच्या आधी तिच्या हातात लिहून द्यावं.

आणि हे करायचं कुणी? नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजात मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या, म्हणजे मेंटॉर-मेंटीच्या, याद्या ठेवलेल्या असतात. पण ज्याच्या नावावर ती वीस-पंचवीस मुलं लिहिलेली असतात, तो पुष्कळदा तासिका तत्त्वावरचा शिक्षक असतो. त्याला पैसे तासांचे मिळतात. मुकादमाला रात्री फोन लावण्याचा तास कुठल्याच बिलात बसत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तो त्याच कॉलेजात असेल याचीही खात्री नाही. तीन वर्षं साथ हवी असलेल्या मुलांना वर्षाच्या बोलीवर ठेवलेला माणूस नेमून देणं, हा त्या मुलांवरही अन्याय आहे आणि त्या शिक्षकावरही. रिकाम्या जागा भरणं हे सरकारचं काम आहे आणि ते मागत राहिलंच पाहिजे.

तोवर माझी विनंती निवृत्त लोकांना आहे, आणि त्यातही प्राध्यापकांच्या आधी तहसील कार्यालयात, बँकेत, समाजकल्याणमध्ये, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उभा जन्म घालवलेल्या लिपिकांना. कोणता कागद कुठे अडतो हे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू असतील त्या दिवसांत आठवड्यातले दोन तास कार्यालयाबाहेर एक टेबल मागून घ्या. विषय शिकवता आला नाही तरी चालेल. परत आलेल्या अर्जावर काय लिहिलंय ते मुलाला समजावून सांगता आलं, आणि गरज पडली तर त्याच्याबरोबर सेतू केंद्रापर्यंत जाता आलं, की झालं.