न बोलणाऱ्या बापाची शिकवण



मार्च महिना संत योसेफाला वाहिलेला आहे. १९ मार्चला आपण त्याचा सण साजरा करतो. चारही शुभवर्तमाने उघडून पाहा. पवित्र मरियेचे बोल सापडतात, मेंढपाळांचे सापडतात, हेरोदाचेही सापडतात. योसेफाचा मात्र एकही शब्द नाही. देवदूत स्वप्नात येऊन सांगतो आणि योसेफ जागा होऊन तसे करतो, एवढेच (मत्तय १:२४). हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हाही त्याने वाद घातला नाही. रात्रीच उठला आणि बाळाला व आईला घेऊन मिसरची वाट धरली (मत्तय २:१४). बाळ येशू त्या वेळी आईच्या कुशीत झोपलेलाच असेल. बापाची पुष्कळ कामे अशीच होतात, मूल झोपेत असताना.

आम्ही हे फार उशिरा शिकलो. आम्ही भावंडे डोंबिवलीच्या एका चाळीत वाढलो. पप्पा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत तेथेच उभी राहिली. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या चुली त्या कारखान्यांवर पेटल्या. पप्पा सकाळच्या लोकलने जात आणि परत येत, तोवर आमची जेवणे झालेली असत. "अभ्यास झाला का?" एवढाच त्यांचा प्रश्न. शेजारचे काका मुलांशी हसतात, बोलतात, आमचे पप्पा असे का, याचा आम्हांला राग येई. एकदा शाळेच्या सहलीला त्यांनी पैसे दिले नाहीत. आम्ही आठवडाभर अबोला धरला. त्यावरही ते काही बोलले नाहीत.

त्याच पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि इस्पितळात ठेवावे लागले. आई रात्री त्यांच्याजवळ राहिली. सकाळी उठून पाहतो तर मोरीतले पिंप रिकामे! चाळीच्या नळाला पहाटे चारला पाणी येई आणि पाचला जाई. आई रात्री उशिरापर्यंत शिवण करी, म्हणून पप्पा तिलाही उठवत नसत. रोज पिंप कोण भरतो, हा प्रश्न आमच्या मनात कधी आलाच नव्हता. दुसऱ्या पहाटे आम्ही कळशा घेऊन रांगेत उभे राहिलो. जिने चढता-उतरता हात भरून आले. संध्याकाळी इस्पितळात गेल्यावर म्हणालो, "पप्पा, पाणी आम्ही भरतो."

ते म्हणाले, "पिंपाला झाकण नीट लावत जा."

आज पप्पा नाहीत. "आम्ही चुकलो" हे दोन शब्द आमच्याकडून कायमचे राहून गेले.

प्रभू येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला. तीन दिवसांनी सापडला, तेव्हा बोलली ती मरिया. पण तिने सांगितले की तुझा बाप आणि मी, दोघेही तुला काळजीने शोधत होतो (लूक २:४८). शोधून शोधून थकलेला योसेफ शेजारी गप्प उभा आहे. त्यानंतर येशू नाझरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. पुढे गावकरी त्याला सुतार म्हणूनच ओळखत (मार्क ६:३). रंधा कसा धरावा हे नुसते सांगून येत नाही, बापाच्या शेजारी उभे राहून येते. प्रार्थनाही तशीच येते. दमून आलेले पप्पा झोपण्यापूर्वी खाटेशी गुडघे टेकत, ते पाहूनच आम्ही गुडघे टेकायला शिकलो.

८ डिसेंबर २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी 'पात्रिस कोर्दे', म्हणजे 'पित्याच्या हृदयाने', हे पत्र प्रसिद्ध केले आणि संत योसेफाचे वर्ष जाहीर केले. पोप नववे पायस यांनी १८७० साली योसेफाला ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केले, त्याला तेव्हा दीडशे वर्षे झाली होती. जग कोरोनाने हादरले होते. कोणाच्या नजरेत न भरता इतरांसाठी राबणाऱ्या माणसांची पोप महोदयांनी त्या पत्रात आवर्जून आठवण केली.

पण एक सावधगिरी हवी. प्रत्येक गप्प बाप योसेफ नसतो. दारूच्या बाटलीमागचे मौन, रागाने धुमसणारे मौन, मोबाईलमध्ये बुडालेले मौन हे योसेफाचे मौन नव्हे. योसेफ बोलला नाही, पण तो प्रत्येक वेळी उठला. शिवाय स्वर्गीय पित्यानेही यार्देन नदीवर, मी याच्यावर संतुष्ट आहे, असे आपल्या पुत्राविषयी सर्वांदेखत सांगितले (मत्तय ३:१७). तेव्हा वडीलधाऱ्यांनो, मुलांसाठी राबता ते देव पाहतोच, पण कधीतरी एखादा प्रेमाचा शब्दही बोला. आणि मुलांनो, तुमच्या घरचे पिंप कोण भरतो ते एकदा पहाटे उठून पाहा. आज मिस्साहून घरी गेल्यावर वडिलांजवळ पाच मिनिटे बसा. जे बोलायचे राहिले आहे ते बोला. ज्यांचे वडील प्रभूघरी गेले आहेत, त्यांनी आजच्या मिस्सात त्यांचे नाव घ्या.

हे संत योसेफा, आमच्या घरांतील राबणाऱ्या बापांना बळ दे, भरकटलेल्यांना घरी आण आणि त्यांचे न बोललेले प्रेम ओळखण्याचे डोळे आम्हांला मिळावेत म्हणून प्रभूजवळ विनंती कर. आमेन.