समुद्र सांडतोय!

आमच्या घरात मी काढलेल्या फोटोंना 'सांडलेले फोटो' असं नाव आहे. नाव आमच्या सौभाग्यवतींनी ठेवलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही हरिहरेश्वरला गेलो होतो. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले चार सुरुवातीला माझ्याच बोटाचे. बाकीचे धुऊन आले तेव्हा ती एकेक बघत होती. एका फोटोवर थांबली. फोटोत ती होती, मागे अरबी समुद्र होता आणि तो उजवीकडे चांगला बोटभर खाली उतरला होता.

"अहो, समुद्र सांडतोय!" असं म्हणून तिनं खरोखरच फोटोखाली पदर धरला.

यात माझा दोष नाही, खांद्याचा आहे. मी राहतो महाडला आणि बँकेत कारकुनी करतो पोलादपूरला. वीस वर्षं डब्याची पिशवी डाव्या खांद्याला अडकवून एस.टी.च्या दांडीला लोंबकळल्यावर माणूस डावीकडे कलणारच. माणूस कलला की कॅमेरा कलतो आणि कॅमेरा कलला की जग उलट्या बाजूला सांडतं.

शिवाय क्षितिजाची सवयच आम्हाला नाही. महाड-पोलादपूरकडे ज्याला क्षितिज म्हणावं असं काही नाही. कुठंही तोंड करा, समोर सह्याद्री. रायगडावर जा, तिथंही एकामागून एक डोंगरच. आंबेनळी घाटात तर सरळ अशी एकच गोष्ट, ती म्हणजे पोटातलं पाणी वर येताना धरते ती वाट. आमची सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वळसे घेत जाते आणि बाणकोट-हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते, तेव्हा कुठं तिला क्षितिज दिसतं. नदीला जे मिळवायला एवढी पायपीट, ते मला कॅमेऱ्याच्या भोकातून पटकन कसं सापडावं?

पण मागच्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला आणि या साध्या वैगुण्याचा नैतिक प्रश्न झाला.

त्यानं मोबाइलमध्ये माझे जुने फोटो भरून घेतले आणि बोटानं एक पट्टी सरकवली. हरिहरेश्वरचा समुद्र निमूटपणे सरळ झाला. वीस वर्षं सांडत असलेला समुद्र अर्ध्या मिनिटात बंद! प्लंबरसुद्धा इतक्या लवकर गळती काढत नाही.

"काका, नियम साधा आहे," तो म्हणाला. "क्षितिज एकतर अगदी सरळ पाहिजे, नाहीतर चांगलं वीस अंशांत वाकडं पाहिजे. दोन अंश वाकडं असलं की लोक म्हणतात चूक, वीस अंश असलं की म्हणतात कला."

मला हे लगेच पटलं. बँकेत तेच आहे. दोन रुपयांचा फरक आला की चूक. रात्री नऊपर्यंत बसून शोधा. दोन कोटींचा आला की तो 'धोरणात्मक आढाव्याचा विषय'.

वाकडेपणाच्या कलेला म्हणे 'डच अँगल' म्हणतात. हॉलंडचा काही संबंध नाही. 'डॉइच' म्हणजे जर्मन, त्याचा हा अपभ्रंश असं सांगतात. जर्मन सिनेमावाल्यांनी भीती, भ्रम, वेड दाखवायला हे तिरकं जग आणलं. पुढं १९४९ साली कॅरॉल रीड यांनी 'द थर्ड मॅन' नावाचा चित्रपट इतका तिरका काढला, की विल्यम वायलर या दुसऱ्या दिग्दर्शकानं त्यांना एक स्पिरिट लेव्हल भेट पाठवली, अशी गोष्ट आहे. स्पिरिट लेव्हल म्हणजे आपल्या गवंड्याची पाणसळ. मला वाटतं हीच भेट आमच्या हिनं मला कधीतरी द्यायची ठेवली असावी.

पण पुतण्यानं लगेच त्याची कलाही दाखवली. आंबेनळी घाटातला त्यानं काढलेला फोटो असा काही फिरवला, की बरा असलेला चढ एकदम कडा झाला. मोटरसायकलवर तो स्वतः होता. बघूनच माझ्या तळपायाला घाम आला.

"अरे, पण रस्ता असा नाहीये," मी म्हणालो.

"पण काका, भीती अशीच वाटते ना?"

आता आली का पंचाईत! त्या घाटात मीही पडदा धरून, डोळे मिटून बसलेलो आहे. रस्त्याचा उतार खोटा, भीती खरी. फोटो कशाचा काढायचा असतो?

बी.कॉम.ला आम्हाला ऑडिटिंग होतं. त्यातलं एकच मला आठवतं, कारण ते नेमकं परीक्षेत आलं नाही. १९१३ च्या कंपनी कायद्यात हिशेबतपासनीसानं सांगायचं होतं, की ताळेबंद 'ट्रू अँड करेक्ट' आहे, खरा आणि अचूक. १९५६ च्या कायद्यानं 'करेक्ट' काढून तिथं 'फेअर' घातलं. खरा आणि रास्त. म्हणजे आकडे नुसते बरोबर असून भागत नाही, वाचणाऱ्याची फसगत होता कामा नये. या न्यायानं बघितलं, तर माझा हरिहरेश्वरचा फोटो खराही नव्हता आणि रास्तही नव्हता, नुसताच आळशी होता. तो सरळ केला, बरं झालं. पुतण्याचा घाट मात्र त्याच्यापुरता रास्त, पण तो रस्ता बघून उद्या कोणी गाडी हाकायची की नाही हे ठरवणार असेल, तर नाही.

आणि सरळ म्हणजे खरं, असं तरी कुठं आहे? आमच्या चवदार तळ्याचा फोटो काढून बघा. कोपऱ्यातून काढलात तर पलीकडचा काठ तिरकाच दिसणार. कॅमेरा सरळ, पाणी सरळ, पण काठ तुमच्यापासून लांब लांब जातो म्हणून उतरता दिसतो. तो काठ सरळ करायला गेलात, तर आजूबाजूच्या इमारती पडायला येतात. या तळ्यावरून तर सरळ-वाकड्याचा मोठाच धडा आहे. १९२४ साली नगरपालिकेनं ठराव केला, की तळं सर्वांना खुलं. कागदावर पातळी अगदी सरळ! पण काठावर कोणी पाण्याला हात लावू देईना. तेव्हा २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन आले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मग दावे झाले, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. पाणी पहिल्यापासून समपातळीतच होतं. वाकडेपणा होता तो काठावर उभ्या असलेल्यांचा.

असो. पाण्यावरून आठवलं, आणि खरं सांगायचं तर आठवायचं नव्हतं.

पुतण्या पट्टी सरकवत सरकवत २२ जुलै २०२१ च्या फोटोपाशी आला. त्या दिवशी महाबळेश्वरला एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, आणि तो सगळा सावित्रीनं आमच्याकडे आणला. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच संध्याकाळी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही आमच्या जिन्यात होतो. लाइट नाही, मोबाइलला अकरा टक्के. मी वरच्या पायरीवरून खाली माजघराचा एकच फोटो काढला. हात कापत होता. अर्थातच सांडला.

त्या फोटोत पाणी आहे, आमचा जुना सागवानी खांब आहे, आणि अगदी वरच्या कोपऱ्यात अण्णा आहेत. संपूर्ण नाहीत, अर्धा चेहरा आणि एक हात. हातात सुतारी पेन्सिल. आमच्या घरात पूर आला की भिंतीवर रेघ मारून तारीख घालायची हे काम अण्णांचं. २६ जुलै २००५ ची रेघ त्यांच्याच हातची. म्हणायचे, "महाडकरांचं क्षितिज भिंतीवर असतं. बारकाईनं मारायची रेघ. पुढच्यांना कळलं पाहिजे." त्या रात्री पेन्सिल धरलेल्या अण्णांना मी ओरडलो होतो, की मरायची वेळ आली आणि तुम्हाला रेघ कसली सुचते! पुढच्या वर्षी अण्णा गेले. त्यांचा शेवटचा फोटो हाच.

"हा मोठा करून लावू या, काका," पुतण्या म्हणाला आणि त्यानं सवयीनं खांब उभा केला. खांब ताठ झाला, आणि पाणी एका बाजूला चढत गेलं.

"अरे, खांबावरून नको," आमची ही आतून येत म्हणाली. "खांब कललेलाच आहे. २००५ च्या पुरापासनं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आपण आपल्या घरचा खांब सरळ धरतो आणि पाण्याला वाकडं ठरवतो! अण्णांनी कधी खांबावरून रेघ मारली नाही. पाण्यावरूनच मारली.

पुतण्यानं पाण्यावरून सरळ केला. पाणी झालं छान आडवं. पण फोटो फिरवला की चारी कोपरे कापले जातात. हे त्या सरळपणाचं भाडं. कोपऱ्यातले अण्णा गेले. पेन्सिलीचं टोक तेवढं राहिलं.

कोणी काही बोललं नाही. पुतण्यानं हळूच पट्टी मागे नेली. अण्णा परत आले, पाणी परत सांडायला लागलं.

मी त्या रात्री झोपलो नाही, आणि जागेपणी एक नियम केला. चूक माझ्या आळसाची असेल तर फोटो सरळ करावा. बघणाऱ्याची फसगत होत असेल तर करावाच. पण सरळ करण्यासाठी माणूस कापावा लागत असेल, तर वाकडं राहू द्यावं. ऑफिसातही कितीतरी हिशेब असे सरळ होतात, आणि कोपऱ्यातून कोण गेलं हे कोणी बघत नाही. मीही दोन-चार कोपरे कापलेले आहेत. ते फोटो काही आता परत मिळायचे नाहीत.

फोटो आहे तसाच मोठा करून, चौकट करून, भिंतीवर त्या दोन रेघांच्या वर लावला. (दुसरी रेघ अण्णांनी मारलीच होती. ओरडा खाऊन.)

आठ दिवसांनी बँकेतून आलो तर चौकट वाकडी. मी सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडी. मला वाटलं, हिच्या फडक्याचा धक्का. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अगं, जरा जपून पुसत जा. रोज वाकडी होते."

"होत नाही, मी करते," ती म्हणाली. "जरा नीट बघा तरी."

मी चष्मा लावून बघितलं. चौकट चांगली दोन बोटं वाकडी होती. आतलं पाणी मात्र खालच्या रेघेला अगदी समांतर, आडवं, शांत. खांब त्याच्या सवयीप्रमाणे कललेला. आणि कोपऱ्यात अण्णा, चेहरा, हात, पेन्सिल, सगळे. काही कापलं नव्हतं, काही सांडत नव्हतं. बी.कॉम. मी झालो, पण ताळा हिचा जुळला.

फक्त आलेला प्रत्येक पाहुणा बोलता बोलता उठतो आणि आमच्यावर उपकार म्हणून चौकट सरळ करतो. आम्ही "थँक्यू" म्हणतो, चहा देतो, आणि तो जिना उतरला की पुन्हा वाकडी करून ठेवतो.