पाय कुणाचे चेपायचे?

मारेगाव तालुक्याच्या काळ्या जमिनीत कापसाची वेचणी सुरू झाली की बायांचा अख्खा दिवस पऱ्हाटीत जातो. मजुरी किलोवर, त्यामुळे बसायला सवड नाही. भेगाळलेल्या टाचा आणि ठणकणाऱ्या पोटऱ्या घेऊन घरी यावे तर चूल पेटवायची असते. अशा पायांना रात्री तेल लावून दहा मिनिटे चेपले तर बरे वाटते, हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. वाद आहे तो रिफ्लेक्सॉलॉजीने त्यावर चढवलेल्या दाव्याचा. अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुप्फुसे, तळव्यात मूत्रपिंडे, आणि बिंदू दाबला की तो अवयव सुधारतो, असे ती सांगते. हा नकाशा प्राचीन म्हणून खपवला जातो. प्रत्यक्षात आजची मांडणी अमेरिकेतली आहे: विल्यम फिट्झगेराल्ड यांनी १९१७ च्या पुस्तकात शरीराचे दहा उभे पट्टे मांडले आणि युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात ते तळव्यावर बसवले. आपले आयुर्वेदातले पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल चोळणे, वेगळे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत डोके, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावायला सांगितले. चरकसंहितेने डोळ्यांनाही फायदा सांगितला असला, तरी भर आहे तो पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा यांवर.

संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये रिफ्लेक्सॉलॉजीच्या १८ चाचण्या तपासल्या. रिफ्लेक्सॉलॉजीने एखादा आजार बरा होतो, याचा पटण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. मग इतक्या लोकांना गुण येतो तो खोटा का? खोटा नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांच्या घरच्यांना ही पद्धत शिकवली गेली आणि त्रासाची तीव्रता कमी झालेली दिसली. त्याने नकाशा खरा ठरत नाही. आपल्या माणसाच्या हाताने आराम पडतो, एवढे मात्र मानायला हरकत नाही, आणि ते थोडे नाही.

नकाशावर विश्वास ठेवला तर बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. बिघडते. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते. काटा रुतला तरी कळत नाही. तिथे लाकडी दांड्याने बिंदू दाबत बसले तर इजा होते, आणि साखरेचे औषध मागे पडले तर पाय गमवावा लागतो. मारेगावपासून फार दूर नसलेल्या वरोऱ्याला बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले आनंदवन आहे. बधिर पायांची निगा कशी राखावी, हे कुष्ठरोगाच्या उपचारांनी कधीच सांगून ठेवले आहे: तळवा रोज पाहा, पाण्यात भिजवा, तेल लावा, जखम दिसली तर दवाखाना गाठा. घरच्या मालिशीचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसतो. ज्या तळव्याला रोज हात लागतो, त्यावरची जखम लपून राहत नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे असेल तर मात्र चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते.

पण आपल्याकडे पाय चेपणे ही सेवा नेहमी वरच्या दिशेने गेली: सुनेने सासूचे, बायकोने नवऱ्याचे. दिवसभर कापूस वेचणारीचे पाय चेपायला कुणी बसत नाही. मालिशीचे गुण खरे मानत असाल, तर त्या पायांवर पहिला हक्काचा हात घरातल्या पुरुषांचा पडू द्या. आज रात्री जवसाचे तेल घ्या, उजेडात बसा आणि तिचे तळवे आधी नीट पाहा.