‘चेक केलंय’ म्हणजे नक्की काय?

‘चेक केलंय’ हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा ऐकतो, एकदा मोजून पाहा. मोबाइल दुरुस्त करून देणारा म्हणतो, गॅसची शेगडी जोडून देणारा म्हणतो, आपला फॉर्म भरून देणारा म्हणतो. ऐकलं की आपण निश्चिंत होतो. म्हणजे तेवढ्या दोन शब्दांत आपली काळजी आपण दुसऱ्याकडे सोपवलेली असते आणि त्याने ती घेतलेली असते. म्हणून मला हा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, नीतीचा वाटतो. एखादी वस्तू ‘चेक केलंय’ म्हणून दुसऱ्याच्या हातात देण्याचा हक्क आपल्याला नेमका कधी मिळतो?

माझ्यापुढे हा प्रश्न एका छंदातून आला. मी घरी मॉड्युलर सिंथेसायझरची मॉड्यूल्स बनवते. हा सिंथेसायझर एकसंध वाद्य नसतो, सुट्या खोक्यांचा संच असतो. एक खोकं नुसता स्वर निर्माण करतं, त्याला ऑसिलेटर म्हणतात. दुसरं त्या स्वराचा पोत बदलतं, तिसरं त्याचा चढउतार ठरवतं. वायरींनी ती एकमेकांना जोडायची आणि आपलं वाद्य आपणच रचायचं. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये अशी मॉड्यूल्स बनवली. पुढे नव्वदच्या दशकात जर्मनीच्या डीटर डोपफर यांनी ‘युरोरॅक’ हा लहान आकार आणला, आणि आज जगभरचे हौशी लोक त्याच मापात मॉड्यूल्स बनवतात. मीही त्यातलीच. पुण्यात तापकीर गल्लीतून प्रीसेट, रेझिस्टर, सॉकेट आणायचे, रात्री जेवणं झाली की डाग देत बसायचं.

अनोळखी माणसांनी बनवलेली खोकी एकमेकांशी जुळतात, कारण काही गोष्टी सगळ्यांनी मान्य केल्या आहेत. वीजपुरवठा अधिक-उणे १२ व्होल्टचा. आणि स्वराचा नियम असा: व्होल्टेज १ व्होल्टने वाढलं की स्वर बरोबर एक सप्तक वर जायला हवा. सप्तकाचे बारा समान भाग केले तर एका भागाला ८३.३ मिलिव्होल्ट येतात. त्या एका भागाचे आणखी शंभर तुकडे केले की एका तुकड्याला ‘सेंट’ म्हणतात. १ सेंट म्हणजे मिलिव्होल्टपेक्षाही कमी. तयार कानाला पाचेक सेंटचा फरक कळतो. दोन स्वर एकत्र वाजत असतील तर कान तयार असायचीही गरज नाही. २२० हर्ट्झचा स्वर आणि त्याच्यापेक्षा ५ सेंट चढा स्वर सोबत लावा, साधारण दीड सेकंदाला एकदा आवाज फुगताना-ओसरताना ऐकू येईल.

नवीन ऑसिलेटर तपासायची रीत ठरलेली आहे. आयसी बसवण्याआधी वीज जोडून सॉकेटवर १२ आणि उणे १२ येतात का बघायचं. मग आयसी बसवायचे, बोट लावून काही तापत नाही ना बघायचं, आणि अर्धा तास तसंच चालू ठेवायचं. नंतर खरं काम. १ व्होल्ट द्यायचा, स्वर नोंदवायचा. ३ व्होल्ट द्यायचे, स्वर दोन सप्तकं वर गेला का बघायचं. नसेल तर प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने किंचित फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. आठ-दहा फेऱ्यांत दोन्ही स्वर अचूक लागतात.

इथे थांबून सहज म्हणता येतं, ‘चेक केलंय’. यात खोटं काही नाही. पण भूमितीत शिकलेली एक गोष्ट आठवा: कुठल्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा काढता येते. मी त्याच दोन जागी बघत प्रीसेट फिरवला, तर त्या दोन जागी स्वर जुळणारच. तो जुळेपर्यंतच तर मी फिरवत होते! आपणच जुळवलेल्या जागी जाऊन ‘जुळलं’ म्हणणं याला तपासणी म्हणता येणार नाही. तपासणी तिसऱ्या बिंदूपाशी सुरू होते, जिथे मी हात लावलेला नाही आणि जिथे उत्तर माझ्याविरुद्ध जाऊ शकतं. बऱ्याच ऑसिलेटरमध्ये ते तसं जातंही. करवती लाटेचा ऑसिलेटर प्रत्येक फेरीनंतर शून्यावर परततो, आणि त्या परतण्याला थोडा वेळ लागतो. समजा १ मायक्रोसेकंद. खालच्या स्वरात तो कुठल्या कुठे विरून जातो. पण ५००० हर्ट्झला एक फेरीच मुळी २०० मायक्रोसेकंदांची असते, त्यात हा १ मायक्रोसेकंद मिळवला की स्वर साडेआठ सेंट उतरतो.

अपयश येऊच शकणार नाही अशी परीक्षा घेऊन आपण पास झालो म्हणतो, हे माणसांच्या बाबतीतही किती चालतं! आपण उदार आहोत की नाही हे आपण मित्रांशी कसे वागतो यावरून ठरवतो. तिथे तर आपण आधीच जुळवून घेतलेलं असतं. ज्याच्याशी जुळवून घेतलेलं नाही, तो आपला तिसरा बिंदू.

आता पुढचं कोडं. १ व्होल्ट दिला, असं मी म्हणते. तो १ व्होल्टच होता कशावरून? मल्टिमीटर सांगतो म्हणून. आणि मल्टिमीटर बरोबर कशावरून? स्वस्त मीटरच्या कागदावर अर्ध्या टक्क्याची चूक मान्य केलेली असते. अर्धा टक्का म्हणजे दर सप्तकाला ६ सेंट, पाच सप्तकांत ३० सेंट. गंमत अशी, की मी कीबोर्ड आणि ऑसिलेटर दोन्ही याच मीटरवर जुळवले, तर घरात सगळं उत्तम वाजतं. चूक दोघांतही सारखीच असल्यामुळे ती ऐकू येत नाही. वर्षानुवर्षं येणार नाही. माझा ऑसिलेटर दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या कीबोर्डला जोडला जाईल, त्या दिवशी ती बाहेर पडेल. एकाच घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं, यावरून त्यांचं मत बरोबर आहे एवढं काही सिद्ध होत नाही. त्यांची फुटपट्टी एक आहे, एवढंच कळतं.

मग खरा व्होल्ट कुठे आहे? भारतापुरतं बोलायचं तर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. तिथे अतिशीत तापमानाला चालणाऱ्या जोसेफसन जोडणीतून व्होल्ट काढतात. तिच्यावरून खालच्या प्रयोगशाळांची उपकरणं तपासतात, त्यांच्यावरून आणखी खालची. चांगल्या मीटरसोबत येणारं प्रमाणपत्र म्हणजे या साखळीतली शेवटची कडी. मात्र साखळीच्या टोकालाही माणसांचा ठराव आहे. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांचे आकडे जगातल्या देशांनी मिळून कायमचे ठरवून टाकले, आणि व्होल्ट आता त्यांच्यावर उभा आहे.

‘१ व्होल्टला एक सप्तक’ हाही ठरावच. मूगच्याच काळात कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला वेगळी मॉड्यूल्स बनवत होते. त्यांनी सप्तकाला १.२ व्होल्ट घेतले, म्हणजे बाराव्या भागाला बरोबर ०.१ व्होल्ट येतो. त्यात चूक काय? काहीच नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी त्यावर ध्वनिफिती केल्या. त्या यंत्राबरोबर १ व्होल्टचा ठरावही आपल्याकडे आला. आला तो तंबोऱ्याच्या देशात. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट ऐकली की तिच्यातून आपोआप गंधार उमटतो. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. माझ्या ऑसिलेटरला बारा समान भागांच्या कीबोर्डने गंधार वाजवायला सांगितला तर तो वाजतो ४०० वर. सगळ्या परीक्षा पास झालेला माझा ऑसिलेटर तंबोऱ्याशेजारी १४ सेंट चढा! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात श्रुतींचं गणित मांडलं, तेव्हा त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली होती. तिथे गळ्याने यंत्राशी जुळवून घ्यायचं नव्हतं, मोजणाऱ्याने गळ्याकडे जायचं होतं.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, की माप हा शेवटी माणसांचा ठरावच असेल तर एवढा अट्टहास कशाला? कोणाचंही माप चालेल. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण या धंद्यातच आहे. ठराव आहे म्हणूनच तर तो पाळायचा. गुरुत्वाकर्षण मी पाळलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. ठराव मात्र पाळणाऱ्यांच्या जिवावर जगतो. १ व्होल्टला सप्तक ही मी न पाहिलेल्या माणसाला दिलेली जबान आहे: तुझं खोकं माझ्या खोक्याला जोड, तुला धोका होणार नाही. मी ती जबान दोन मिलिव्होल्टांनी मोडली तर निसर्गाचं काही जात नाही. त्या माणसाची मैफल जाते.

माझी एक मैत्रीण नागपूरला असते. गाते, आणि गाण्याबरोबर सिंथेसायझर वाजवते. तिने माझ्याकडून दोन ऑसिलेटर मागितले होते, एक खालच्या स्थिर सुरासाठी आणि एक कीबोर्डवर वाजवायला. कार्यक्रम मे महिन्यातला, उघड्यावरचा, संध्याकाळचा. फोनवर तिने एवढंच विचारलं, “चेक केलंयस ना गं? चालतील ना?”

माझ्या खोलीत २६ अंश होते आणि २६ अंशाला दोन्ही चालत होते. पण ऑसिलेटरचं हृदय म्हणजे ट्रान्झिस्टरची एक जोडी, आणि तिच्यात सप्तकाला फक्त १८ मिलिव्होल्ट वाट्याला येतात. तेही तापमानाबरोबर बदलतात, दर अंशाला साधारण ०.३३ टक्के. काहीच उपाय केला नाही तर दर अंशाला एका सप्तकामागे ४ सेंट जातात, १० अंशांना ४० सेंट. म्हणून तापमानाबरोबर उलट दिशेने भरपाई करणारा खास रेझिस्टर त्या जोडीला चिकटवून बसवतात. भरपाई बहुतेक होते. ‘बहुतेक’ म्हणजे किती, हे नागपूरच्या मे महिन्यात जाऊनच कळणार होतं. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॅटचा बल्ब लावला, थर्मामीटर ठेवला आणि मे महिना घरी आणला.

मग प्रश्न उरला तो आलेले आकडे सांगायचे कसे याचा. एक मोह असतो ‘हो, चालतील’ म्हणायचा. दुसरा मोह त्याच्या उलट, आणि तो जास्त सभ्य दिसतो: सगळे आकडे, सगळ्या शक्यता, मीटरची चूक, हवेतली आर्द्रता, असं दोन पानं भरून पाठवून द्यायचं. विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत असतं ना, ‘अटी लागू’, तसं. त्यात एकही शब्द खोटा नसतो, पण तो कागद लिहिणाऱ्याला मोकळं करतो आणि वाचणाऱ्याला तिथेच ठेवतो. काळजी घेतो म्हणून घेतली आणि पाकिटात घालून परत पाठवली, असा तो प्रकार. प्रामाणिकपणा म्हणजे चूक शून्यावर आणणं नव्हे, ते कोणालाच जमत नाही. उरलेली चूक कुठे आहे, हे समोरच्याला वापरता येईल अशा शब्दांत सांगणं, इतपत मात्र आपल्या हातात असतं.

म्हणून मी प्रत्येक ऑसिलेटरबरोबर पोस्टकार्डाएवढा एक कागद पाठवला. त्यावर हाताने लिहिलं होतं: “२६ अंशाला पाच सप्तकं तपासली, ३ सेंटच्या आत. त्याच्या वरचं सप्तक ८ सेंट उतरतं, तिथे लांब स्वर धरू नकोस. ४० अंशाला पूर्ण स्वर ११ सेंट खाली येतो, म्हणून कार्यक्रमाआधी अर्धा तास चालू ठेव आणि स्टेजवरच षड्ज लाव, ग्रीनरूममध्ये नको. गंधार कीबोर्डवर घेऊ नकोस, तो तुझ्या गळ्यातला नाही. माझा मीटर किती खरा आहे ते दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिलंय. तुझ्या कीबोर्डशी मात्र जोडून पाहिलेलं नाही, ते तू पाहा.”

तिचा दोन दिवसांनी मेसेज आला. कीबोर्डशी जोडून पाहिलं होतं, वरच्या बाजूला सप्तकामागे २ सेंट फरक येत होता, आणि कुठला प्रीसेट किती फिरवू, असं तिने विचारलं होतं.