योवाशाची पेटी आणि एक जुनी फटफटी

(शास्त्रभाग : २ राजे १२ : ४-१५)



यरुशलेमेंतील मंदिराच्या भिंतींस भगदाडें पडलीं होतीं आणि त्यांच्या दुरुस्तीसाठीं लोक पैसा आणून देत होते. तरी योवाश राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें तेव्हां तीं भगदाडें जशींच्या तशींच होतीं. पैसा येई, पण काम होईना. मग यहोयादा याजकानें एक पेटी घेऊन तिच्या झांकणास भोंक पाडलें व ती वेदीपाशीं ठेविली. तींत जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हातीं जाऊं लागला, आणि त्यांतून लांकूड व चिरे येऊं लागले. या भागांत दोन गोष्टी अशा आहेत कीं त्यांवरून आपली नजर सहज निसटून जाते. एक ही कीं, त्या पैशांतून चांदीचे कटोरे किंवा कर्णे केले नाहींत. दुसरी ही कीं, ज्या माणसांच्या हातीं पैसा दिला त्यांच्यापाशीं हिशेब मागितला नाहीं, कारण तीं इमानानें वागत होतीं. मीं हा अध्याय पुष्कळदां वाचला व त्यावर दोनदां तरी उपदेशही केला. पण तो मला खरा कळला एका गॅरेजांत, तेलकट पाटावर बसून. ती हकीकत आज सांगतों.

आमच्या भागांतील सात गांवांच्या मंडळ्यांकडे जाण्यास सकाळीं एक व सायंकाळीं एक अशी एस. टी. आहे. म्हणून गेल्या वर्षीं मीं एका शेतकऱ्याच्या गोठ्यांतून १९६९ सालची जावा फटफटी विकत घेतली. कांहीं पैसे माझे, कांहीं मंडळीनें वर्गणीनें दिलेले. गाडी बारा वर्षें कडब्याखालीं उभी होती व तिच्या टाकीवर कोंबडी बसत असे.

या गाडीचें कूळ सांगण्याजोगें आहे. फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदारानें १९२९ सालीं प्राग शहरीं जर्मनीच्या वांडरर कंपनीचा नमुना घेऊन मोटरसायकली बनविण्यास आरंभ केला, आणि दोन्ही नांवांचीं पहिलीं अक्षरें जोडून तिला जावा म्हटलें. आपल्या देशांत म्हैसूर येथें १९६० सालीं कारखाना निघाला, १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या, पुढें त्यांस येझदी हें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद झाला. २०१८ सालीं जावा हें नांव दुसऱ्या कंपनीनें पुन्हां बाजारांत आणिलें. परंतु त्या नव्या इंजिनाचे भाग जुन्यास लागत नाहींत. जुनीचा सिलिंडर एकच, ६५ मिलिमीटर रुंद, पिस्टनाची धांव ७५ मिलिमीटर. तरी धूर जाण्यास सायलेन्सर मात्र दोन. किक मारण्याचा दांडा व गिअरचा दांडा हेही एकच. इंजिनास लागणारें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. हें न जाणणाऱ्या मनुष्यानें नुसतें पेट्रोल ओतून ती चालविली तर पिस्टन तापून सिलिंडरांत जाम होतो.

आतां माझी चूक ऐका. गाडी घरीं आल्यावर मीं पहिलें काय केलें? टाकीस रंग देवविला, सायलेन्सरांस चकाकी आणविली, बैठकीवर नवें कापड चढविलें. मंडळीचीं मुलें भोंवतीं जमून वाहवा करीत होतीं. वर्गणीच्या पैशांतील मोठा वांटा या चांदीच्या कटोऱ्यांतच गेला. त्यानंतर किक मारली. गाडी चालू झाली आणि तिनें एवढा पांढरा धूर सोडला कीं शेजारच्या बाई घागर घेऊन धांवत आल्या.

तालुक्याच्या गांवीं एक वृद्ध मुसलमान मिस्त्री आहेत. सर्व त्यांना चाचा म्हणतात. त्यांनीं इंजिन उघडलें व बोटाच्या टोंकावर रबराची एक लहानशी कडी मला दाखविली. तिला ते ऑइल सील म्हणतात. क्रँक ज्या पेटींत फिरतो ती पेटी व गिअरचें तेल यांच्यामध्यें ही कडी पहाऱ्यावर असते. गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली म्हणजे रबर वाळून कठीण होतें, त्याची मिठी सुटते, आणि गिअरचें तेल आंत खेंचलें जाऊन जळतें. तोच तो पांढरा धूर. रंगाला जेवढें लागले त्याच्या शंभराव्या हिश्श्यानें अशी कडी मिळते. "पाद्रीसाहेब, कपडे पहले शिवले, ताप नंतर बघितला," इतकेंच चाचा म्हणाले. पण त्याच वेळीं दुसरेंही एक दुखणें सांपडलें : क्रँकच्या अॅल्युमिनियमच्या पेटीस खालीं तडा गेला होता.

येथून सुट्या भागांचा शोध सुरू झाला. ज्या उपदेशक बंधूंना असें जुनें वाहन सांभाळावें लागतें त्यांच्यासाठीं येथें थोडें थांबतों. मोडका भाग कधीं फेंकूं नये. तो फडक्यांत बांधून बरोबर न्यावा, कारण दुकानदारास नांवापेक्षां नमुना लवकर कळतो. बेअरिंगच्या कडेवर आंकडा कोरलेला असतो. त्या आंकड्याची बेअरिंग कोणत्याही चांगल्या दुकानीं मिळते, तिच्यासाठीं जुन्या बाजारांत भटकण्याचें कारण नाहीं. जावाचे आटे मिलिमीटरी आहेत, जुन्या बुलेटचे इंची. एकाचा बोल्ट दुसऱ्यांत बळानें पिळला तर दोन्ही जातात. सिलिंडर झिजला असेल तर आधीं मोठ्या मापाचा पिस्टन हातीं घ्यावा व मग त्याच्या मापानें बोरिंग करावें, उलट करूं नये. केबल व रबरें नकली चालतील. पॉइंट नकली घेतल्यास रात्रीं ओढ्यांत उभे राहाल.

पुण्याचा जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरतो असा त्याचा लौकिक आहे. रविवार आपला नव्हे, म्हणून मी बुधवारीं गेलों. तेथें एका मनुष्यापाशीं जावाचें अख्खें इंजिन होतें, पेटी धड, आणि किंमत मी धरली होती तिच्या निम्मी. मीं मनांत देवाचे आभारही मानले. मग चाचांनीं शिकविल्याप्रमाणें फडक्यानें नंबराची जागा पुसली. तेथें कानशीचे ओरखडे होते, नंबर नव्हता. विकणारा हंसून म्हणाला, "काका, कागदावर काय हवं ते लिहा." बंधूंनो, खरें सांगतों, मी तेथून लगेच उठलों नाहीं. सात गांवें मनांत आलीं, संपत आलेले पैसे मनांत आले, आणि हें देवाच्याच कामासाठीं आहे हाही विचार आला. तो विचार सर्वांत धोक्याचा होता. ज्याचा नंबर घांसला तें इंजिन कोणाच्या तरी दारांतून गेलेलें असण्याचाच संभव फार. शेवटीं मी रिकाम्या हातानें परतलों. चाचांनीं तडा गेलेली पेटी शहरांत पाठवून अॅल्युमिनियमचें वेल्डिंग करविलें. त्यांत तीन महिने गेले व मी पायीं हिंडलों.

कागदपत्रांचेंही असेंच. नोंदणीपुस्तक विकणाऱ्याच्या मयत वडिलांच्या नांवें होतें. मोटार वाहन कायदा, १९८८ याप्रमाणें गाडी आधीं वारसाच्या नांवें चढवावी लागते व मग घेणाऱ्याच्या. आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत कळवावें लागतें. पंधरा वर्षें उलटल्यावर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण आहे. २०२१ सालीं सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं निराळी नोंद काढिली आहे, परंतु तशी नोंदलेली गाडी नित्याच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं; ती हौशी लोकांची सोय, आपली नव्हे.

आतां जें सांगण्यास मला लाज वाटते तें सांगतों. जुन्या बाजारांतून रिकाम्या हातानें आल्यापासून मी स्वतःस फार प्रामाणिक समजूं लागलों होतों. एके दिवशीं न कळवितां गॅरेजांत गेलों. चाचा नमाजास गेले होते. माझ्या गाडीवर भलताच कार्ब्युरेटर बसविलेला दिसला. तिचा मूळचा जिकोव्ह कार्ब्युरेटर आतां मागूनही मिळत नाहीं व त्यास चांगली किंमत येते, हें मला त्याच बाजारांत कळलें होतें. मीं तेथें बसलेल्या दोघां गिऱ्हाइकांदेखत म्हटलें, "माल गेला वाटतं कुठं." त्या दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. कामावरचा पोरगा कांहीं बोलला नाहीं. तो पाना पुशीत राहिला.

दुसऱ्या आठवड्यांत चाचांनीं माझ्या हातीं फडक्याची पुरचुंडी दिली. तींत माझा जिकोव्ह होता. आंतली सरकती नळी झिजून हवा घेत होती, म्हणून त्यांनीं तो लेथवाल्याकडे देऊन नवें अस्तर बसविलें होतें. आणि दोष कार्ब्युरेटराचा कीं इंजिनाचा हें ओळखण्यासाठीं आपला घरचा चांगला कार्ब्युरेटर तोंवर माझ्या गाडीस लाविला होता. पुरचुंडींत बदललेला प्रत्येक जुना भाग होता, आणि सामानासाठीं दिलेल्या पैशांतून उरलेले एकशें चाळीस रुपये. मीं हिशेब मागितला नव्हता. माझे शब्द त्यांच्या कानीं गेले आहेत कीं नाहींत हें त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

योवाशाचे याजक ज्यांच्या हातीं पैसा देत त्यांच्यापाशीं हिशेब मागत नसत. मी याजकही नव्हतों, आणि न मागतांच दोषी ठरवून मोकळा झालों होतों. मीं चाचांना सर्व सांगितलें. नुसतें त्यांना सांगून भागण्यासारखें नव्हतें, कारण बोललों होतों तें दोघांदेखत. म्हणून त्या दोघांचीं घरें विचारून त्यांच्याकडेही गेलों. एकानें चहा दिला. दुसऱ्यानें सांगितलें कीं, त्या दिवसानंतर त्यानें आपली गाडी दुसरीकडे टाकिली होती. त्यास मीं बरोबर घेऊन चाचांच्या दारीं आणिलें. मजुरीविषयीं मीं आधीं जी घासाघीस केली होती तीही मागें घेतली, पण त्यांनीं ठरलेल्यापेक्षां एक रुपया अधिक घेतला नाहीं.

"बसा पाद्रीसाहेब," ते म्हणाले, "प्लग तुम्हीच लावा." मीं प्लग लाविला. तिसऱ्या किकेस गाडी चालू झाली. धूर निळसर व विरळ, तेल मिसळलेल्या पेट्रोलाचा असतो तितकाच. येत्या रविवारीं मी पहिल्यानेंच सातही गांवीं एका दिवसांत जाणार आहें. वेगदर्शकाची केबल अजून सांपडलेली नाहीं. तिच्यासाठीं बुधवारीं चाचा आणि मी मिळून जुन्या बाजारांत जाणार आहों.