पेत्र पंगतीतून उठला तेव्हा

भाची : मामा, गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल पेत्राला चारचौघांत ढोंगी ठरवतो. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याची माणसं आली आणि हा पंगतीतून उठला. पौलाचा साथीदार बर्णबाही त्याच्या मागोमाग उठला. मला तर पौलाचंच बरोबर वाटतं. कुणी पाहील म्हणून ताट बाजूला घेणं हा भित्रेपणाच झाला.

मामा : वकील तू आहेस, आणि फिर्यादीचा जबाब वाचून निकाल देतेस? पेत्राचं म्हणणं कुठेच नोंदलेलं नाही. त्या दिवशी आपली सरशी झाली असंही पौल लिहीत नाही. झाली असती तर त्याने ते नक्की लिहिलं असतं, असं मला वाटतं.

भाची : पण बचाव तरी काय करणार? सगळं अन्न येशूनेच शुद्ध ठरवलं, असं मार्क सांगतो.

मामा : मार्काचं शुभवर्तमान या भांडणानंतर वीसेक वर्षांनी लिहिलं गेलं. मत्तयाने तोच प्रसंग घेतला आणि नेमकं तेवढं वाक्य घेतलं नाही. उलट नियमशास्त्रातला काना-मात्राही ढळणार नाही, असं त्याचा येशू डोंगरावरून बजावतो. येशूने हा प्रश्न स्वतः निकालात काढला असता, तर त्याच्या सगळ्यात जवळच्या शिष्याला अंत्युखियात ताट सोडून उठावं का लागलं असतं? येशू स्वतः आठव्या दिवशी सुंता झालेला, सणाला यरुशलेमची वाट धरणारा माणूस होता. शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्याला बरं करावं की नाही, हा त्याचा परूशांशी झालेला वाद म्हणजे एकाच घरातल्यांचा वाद.

भाची : बरं. पण परक्याशेजारी बसून जेवू नये, असं तोरा, म्हणजे नियमशास्त्र, कुठे सांगते?

मामा : थेट कुठेच नाही. अडचण ताटात काय आहे याची. ते घर जरा डोळ्यांपुढे आण. संध्याकाळची वेळ. प्रभुभोजन हा तेव्हा वेगळा विधी नव्हता, चांगलं पोटभर जेवण असायचं. भाकर मोडली, द्राक्षारस आला. यजमान कालपरवापर्यंत मूर्तिपूजक. त्याने जुन्या सवयीने त्यातले चार थेंब देवतेच्या नावाने सांडले असतील का? मांस बाजारातलं. कदाचित देवळात बळी दिलेल्या जनावराचं, रक्त नीट न काढलेलं. विचारावं तर यजमानाचा अपमान, न विचारता खावं तर आजोबा-पणजोबा ज्यासाठी मेले ते मोडलं. आणि मेले हे खरंच म्हणतोय मी. इ.स.पू. 167 मध्ये अंतियोखस राजाने सुंतेवर बंदी घातली, तोरा पाळणाऱ्यांना मारलं. डुकराचं मांस तोंडात घालायला नकार देऊन म्हातारा एलाजार मेला, एक आई आणि तिचे सात मुलगे मेले, ही कथा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्या राजाची राजधानी कुठली? हीच अंत्युखिया. त्या गावात बसून ज्यू माणसाला 'काय ते नियम घेऊन बसलास' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भाची : माझीही नाही रेटणार. पण त्या यजमानाकडेही बघा ना. घरातले देव सोडून, नातेवाइकांचा रोष पत्करून तो आला. त्याला सांगितलं, तू आता आमचा भाऊ. आणि एका संध्याकाळी भाऊच उठून दुसरीकडे बसला. तोंडाने कुणी काही बोललं नसेल, पण त्याला कळलं असणार की सुंता करून आलास तरच पूर्ण, नाहीतर अर्धा. पौल चिडला तो यावर.

मामा : तिथे पौलाला पूर्ण मार्क. एक मात्र विसरू नकोस. ज्यूंनी तोरा सोडावी असं तो म्हणत नाही. ग्रीक असलेल्या तीताच्या सुंतेला तो ठाम नकार देतो, आणि तीमथ्याची आई ज्यू होती म्हणून त्याची सुंता स्वतः करवतो, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याचा विरोध लादण्याला होता. आणि याकोबाचा तोडगा तर तुला वकील म्हणून आवडेल. परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नको, त्यांनी चारच गोष्टी टाळाव्यात : मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार. हे आलं कुठून? लेवीयच्या सतराव्या-अठराव्या अध्यायांत इस्राएलमध्ये राहणाऱ्या उपऱ्यालाही लागू असलेले नियम आहेत, बहुधा तिथूनच.

भाची : म्हणजे परक्यासाठी जागा नियमशास्त्रातच होती! मग बिनसलं कुठे?

मामा : संख्याबळ बदललं. इ.स. 62 मध्ये याकोबाला दगडमार झाला, 70 मध्ये मंदिर जळालं, यरुशलेमच्या मंडळीचा शब्द चालेनासा झाला. शे-सव्वाशे वर्षांत प्रश्न उलटा झाला : येशूला मानणारा माणूस तोरा पाळत असेल तर त्याला तारण आहे का? दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती लेखक जस्टिन म्हणतो, आहे, त्याने इतरांवर सक्ती केली नाही तर. पण अशांशी बोलाचाली आणि पाहुणचारही न ठेवणारे ख्रिस्ती आहेत, हेही तोच सांगतो. आणि 386-87 मध्ये, पुन्हा अंत्युखियातच, ज्यूंच्या सणाला सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर धर्मोपदेशक क्रिसोस्तम व्यासपीठावरून तुटून पडतो. त्याची ती प्रवचनं पुढे कितीतरी ज्यूद्वेष्ट्यांच्या कामी आली. हे वाचताना मला, विश्वासणारा असून, शरम वाटते.

भाची : जागा मागायला आलेल्यांनीच घरच्यांना बाहेर काढलं. ताटावरून माणूस जोखण्याच्या या गोष्टीवरून मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. तिथल्या मठातल्या भगिनींना त्यात जातीचा अभिमान दिसला.

मामा : पुढे हिब्रू शिकून बायबल मराठीत आणायला बसलेली बाई ती. तिची श्रद्धा ताटावरून मोजली! पौलाने ते खपवून घेतलं नसतं. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो बजावतो की फक्त भाजीपाला खाणाऱ्याला हिणवू नका, अन्नापायी भावाचा घात करू नका.

भाची : मग माझा निकाल सांगते. पेत्राने उठायला नको होतं. बाबेलच्या राजवाड्यात दानीएलाने राजाचं पक्वान्न नाकारून डाळ-भाजी आणि पाणी मागून घेतलं होतं. नियमशास्त्र पाळणाऱ्याचाच दाखला आहे हा. पेत्रानेही तेवढंच मागायचं आणि बसून राहायचं.

मामा : आणि याकोबाची माणसं? ती दारात उभी आहेत.

भाची : त्यांनाही आत बोलवायचं. ती बसली असती असं मी म्हणत नाही. पण पौलाच्या पत्रात त्या संध्याकाळी कोण उठलं ते आहे, कोण कुणाला बोललं ते आहे; त्या पाहुण्यांना कुणी 'या, बसा' म्हटल्याचं मात्र मला कुठे सापडलं नाही.